कोंडवाडा, गायरान आणि कुंपण



गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून पाहा, "कोंडवाडा म्हणजे काय हो?" तो लगेच सांगेल. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले ढोर धरून आणून जिथे कोंडतात, आणि धन्याने दंड भरल्याशिवाय जिथून सोडत नाहीत, तो वाडा. आपल्याकडे या कोंडवाड्यांचा कायदा १८७१ साली झाला. त्या कायद्यात कोंडवाड्याला 'पाउंड' असा शब्द आहे, आणि तो शब्द थेट इंग्लंडच्या खेड्यातून आलेला आहे. तिकडच्या जुन्या गावात पाउंड होता, त्याचा राखणदार होता, मोकाट ढोरांवर दंड होता आणि तो दंड ठरवणारी गावची एक सभाही होती. इंग्रजांनी आपल्याकडे येताना कोंडवाडा आणला. ती सभा मात्र त्यांनी आणली नाही.

आज बोलायचे आहे ते या सभेविषयी. तिचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांचा तर तिच्याशी फार जवळचा संबंध आहे. इथली जमीन गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा कुंपणात गेली. कधी जंगल म्हणून गेली, कधी लष्करासाठी गेली, कधी वसाहतीसाठी. प्रत्येक वेळी एकच प्रश्न उभा राहिला : या रानावर गावाचा हक्क होता, हे सांगणार कोण आणि कशाच्या आधारावर?

आधी इंग्लंडकडे जाऊ. तिथे जुन्या काळी एका जमीनदाराच्या हाताखालच्या मुलखाला 'मॅनर' म्हणत. मॅनरमध्ये शेते असत, गवताची कुरणे असत, आणि ज्याला कागदोपत्री 'पडीक' म्हणत असे मोठे रान असे. हे पडीक म्हणजे नुसते रिकामे नव्हे. तिथे गुरे चरत, लोक जळण आणत, चुलीसाठी दलदलीतली वाळलेली माती कापून आणत, शरद ऋतूत ओकच्या फळांवर डुकरे पोसत. जमीन कायद्याने जमीनदाराची, आणि वापर वहिवाटीने गावकऱ्यांचा. झाड एकाचे आणि सावली गावाची, असा तो प्रकार. एकाच जमिनीवर दोघांचा हक्क असू शकतो, ही गोष्ट आजच्या सातबाऱ्याला सवकलेल्या माणसाला चटकन उमजत नाही. पण जुन्या जगात, तिकडेही आणि आपल्याकडेही, रानाचा व्यवहार असाच चालत असे.

मग या सावलीत कोणी किती बसावे, हे कोण ठरवी? ते ठरवी मॅनरचे न्यायालय. न्यायालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट आणि उंच खुर्ची येते. तसे ते नव्हते. जमीनदाराचा कारभारी अध्यक्षस्थानी बसे. गावातलेच काही शेतकरी शपथ घेऊन पंच होत, त्यांना ज्युरी म्हणत. वर्षभरात कोणी काय आगळीक केली, ते हे पंच सभेपुढे मांडत. अमक्याने ठरल्यापेक्षा जास्त मेंढ्या सोडल्या. तमक्याने डुकराच्या नाकात कडी घातली नाही, त्यामुळे त्याने सारे कुरण उकरले. तिसऱ्याने पीक घरात येण्यापूर्वीच गुरे शेतात घातली. चौथ्याने बांध नांगरून शेजाऱ्याची काकरी आपल्यात घेतली. दंड थोडाच असे, चार-दोन पेन्सचा, पण तो सर्वांसमक्ष होई आणि लिहिला जाई.

लिहिला जाई, या दोन शब्दांकडे लक्ष द्या. सभेचा सारा कारभार चामड्याच्या लांब गुंडाळीवर नोंदला जात असे. कोणाला जमीन मिळाली, कोणाचा बाप वारला आणि मुलाचे नाव लागले, कुरणात कोणाची किती जनावरे, रानातून काय न्यायचे आणि काय नाही, ते सगळे तिथे असे. कुळाला त्या नोंदीची नक्कल मिळे, आणि त्या नकलेवरूनच त्याच्या कुळहक्काला 'कॉपीहोल्ड' हे नाव पडले. आपल्याकडे तहसील कचेरीत 'नक्कल मिळावी' म्हणून अर्ज करतो ना, तीच ही नक्कल. हा कुळहक्काचा प्रकार इंग्लंडात १९२६ सालापर्यंत टिकला.

गुरांच्या संख्येचा नियम तर मोठा शहाणपणाचा होता. हिवाळ्यात आपल्या स्वतःच्या शेतातल्या वैरणीवर जितकी जनावरे जगवता येतील, तितकीच उन्हाळ्यात गावच्या रानात सोडायची. म्हणजे पैशाच्या जोरावर शंभर मेंढ्या विकत घेऊन गावच्या गवतावर गबर होण्याची सोय नाही. रान बिघडते ते सर्वांचे असल्यामुळे, असे पुष्कळ शिकलेली माणसे म्हणतात. मला ते पटत नाही. सर्वांचे असून जिथे सभा भरे आणि दंड होई, तिथे ते शतकानुशतके टिकले.

अर्थात हे काही रामराज्य नव्हते. कारभारी जमीनदाराचा माणूस. पंच होणारे बहुधा खात्यापित्या घरचे. ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा नाही, नुसती झोपडी आहे आणि जो रानातल्या मोळीवर चूल पेटवतो, त्याचा आवाज त्या सभेत क्षीणच असे. ही उणीव पुढे फार महागात पडली.

आता कुंपणाची गोष्ट. सामाईक रान आणि मोकळी शेते कुंपणात घालून एकेकाच्या मालकीची करणे, याला इंग्रजीत 'एन्क्लोजर' म्हणतात. आपण त्याला रान वेढणे म्हणू. सुरुवातीला हे काम मॅनरच्या सभेच्या हातूनच होई. दोघा शेतकऱ्यांनी आपापल्या पट्ट्यांची अदलाबदल केली आणि एकत्र झालेल्या शेताला कुंपण घातले, तर सभेत नोंद होई. कोणी रानाच्या कडेला चोरून खोपट घातले, तर सभा दंड करी. पुढच्या वर्षी पुन्हा दंड. असा दरसाल दंड भरता भरता त्या दंडाचेच भाडे होऊन जाई, आणि खोपटवाला कूळ बनून जाई! हसू नका. आपल्याकडे गायरानावरच्या अतिक्रमणाची नोंद आणि भरलेल्या दंडाची पावती भूमिहीन माणूस जिवापाड जपून ठेवतो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची शेतीची अतिक्रमणे सरकारने काही अटींवर कायम करण्याचे ठरवले, तेव्हा हीच पावती कामास आली.

तर सभा ही रानाची राखणदार होती आणि रानाचा दरवाजाही तिच्याच हातात होता. १२३५ सालच्या एका कायद्याने जमीनदाराला पडीक वेढण्याची मुभा दिली, पण गावकऱ्यांना पुरेल एवढे चराऊ रान शिल्लक ठेवण्याची अट घातली. 'पुरेल एवढे' म्हणजे किती, यावर पुढे पिढ्यानपिढ्या भांडणे झाली. अनेक गावांत जमीनदार आणि कुळे यांनी आपसात करार करून रान वाटून घेतले. करार म्हटला की तो राजीखुशीचाच असतो असे नाही, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

मग सभेला बगल देणारी वाट निघाली. श्रीमंत जमीनदार थेट पार्लमेंटकडून आपल्या गावापुरता कायदा करून आणू लागले. १६०४ पासून १९१४ पर्यंत असे पाच हजारांहून अधिक कायदे झाले आणि सुमारे अडुसष्ट लाख एकर जमीन त्यांनी वेढली गेली. संमती घेत, नाही असे नाही. पण ती डोकी मोजून नव्हे, जमिनीच्या किमतीवर! तीन-चतुर्थांश किंवा चार-पंचमांश किमतीच्या जमिनीचे धनी 'हो' म्हणाले की झाले. एखाद्या गावात असे धनी तीनच असायचे आणि बाकी दोनशे घरे. गावच्या देवळाच्या दारावर नोटीस लागे. ज्याच्या वहिवाटीची नोंद होती त्याला निदान एखादा तुकडा मिळे, मात्र त्याला कुंपण त्यानेच स्वखर्चाने घालायचे. ते परवडत नसे, म्हणून तो तुकडा विकला जाई. ज्याची नोंदच नव्हती त्याला काहीच नाही. त्याची गाय गेली, जळण गेले, आणि तो मजुरीला लागला.

तरीही त्या जुन्या गुंडाळ्या अगदीच वाया गेल्या नाहीत. १८६६ साली लंडनच्या वायव्येस बर्कहॅम्पस्टेड येथे लॉर्ड ब्राउनलो यांनी गावच्या रानाला लोखंडी कुंपण ठोकले. ऑगस्टस स्मिथ नावाच्या गृहस्थांचा त्या रानात वहिवाटीचा हक्क होता. त्यांनी मार्च महिन्यात एका रात्री लंडनहून खास आगगाडीने शंभरावर मजूर पाठवले, आणि उजाडेपर्यंत कुंपण उपटून नीट रचून ठेवलेले! प्रकरण कोर्टात गेले. रानाच्या रक्षणासाठी आदल्याच वर्षी निघालेली संस्था पाठीशी होती. १८७० साली निकाल लागला, तो वहिवाटदाराच्या बाजूने. त्या संस्थेचे वकील रॉबर्ट हंटर यांनी अशा खटल्यांसाठी जुनी मॅनरची दप्तरे चाळण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. रात्रीच्या पराक्रमाची गोष्ट लोक रंगवून सांगतात. खटले जिंकले ते दप्तराने.

आणि ही सभा पुरती मेलेली नाही, बरं का. नॉटिंगहॅमशायर परगण्यात लॅक्स्टन नावाचे गाव आहे. तिथली मोठी मोकळी शेते कधी पूर्ण वेढलीच गेली नाहीत. तिथे अजून दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस पंच शेतावर जातात, नांगराचा तास गवताच्या सामाईक पट्ट्यात शिरला आहे का ते पाहतात, हद्दीला खुंट्या ठोकतात. मग आठवड्याने सभा भरते आणि दंड होतो. दंडाची रक्कम किरकोळ असते. पण शेजाऱ्यांदेखत नाव वाचले जाते, त्याची जरब मोठी.

आता आपण उल्हास नदीच्या खोऱ्यात येऊ.

आपल्याकडे अशी सभा नव्हती काय? होती तर. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण उगीच पडलेली नाही. मराठेशाहीत गोतसभा भरे. पाटील, कुलकर्णी, मिरासदार, बलुतेदार असे सारे बसत. शिवेचा तंटा असो, वतनाचा असो, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्या कागदावर लिहिता न येणाऱ्या कुणब्याची खूण म्हणून नांगराचे चित्र असे, आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करी. जुन्या इनामपत्रांत गाव देताना त्यातले पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड यांचा वेगळा उल्लेख करीत. अंबरनाथचे शिवालय १०६० सालचे, शिलाहार राजांच्या वेळचे. त्या राजांच्या दानपत्रांतही गाव दान करताना गवत, लाकूड आणि पाणी यांसह दिल्याचे शब्द येतात. म्हणजे गवत आणि लाकूड ही मोजण्यासारखी चीज आहे, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते.

पण एक फरक ध्यानात घ्या. गोतसभा तंटा निघाला म्हणजे भरे. दरसाल कोणाची किती गुरे, कोणी किती मोळ्या न्यायच्या, याचे बाड आपल्याकडे गावोगाव साठलेले नाही. वहिवाट होती आणि ती पक्की होती, पण ती तोंडी होती. आणि गोतसभेत महार, कातकरी, ठाकूर यांना किती जागा होती, हेही विचारले पाहिजे. तिकडच्या झोपडीवाल्याची जी गत, तीच इकडे यांची, उलट काकणभर जास्तच.

पुढे इंग्रजी अंमल आला. जमिनीची मोजणी झाली, नंबर पडले. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने स्पष्ट केले, की जी जमीन कोणा व्यक्तीची म्हणून सिद्ध होत नाही ती सरकारची. गावच्या गुरांना फुकट चरण्यासाठी त्यातला काही भाग राखून ठेवता येईल, आणि तिथे फक्त त्या गावचीच गुरे चरतील. आपले गायरान ते हेच. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही, कलम २२ पासून पुढे, हीच रचना चालू राहिली. पाहा, केवढा उलटफेर झाला! इंग्लंडात गावकऱ्याचा हक्क वहिवाटीतून निघे, मालक कोणीही असो. आपल्याकडे तो सरकारने राखून दिला म्हणून आला. दिलेले परत घेता येते.

आणि याहून मोठे वेढणे झाले ते जंगलाचे. ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना 'राब' म्हणजे काय हे सांगण्याची जरूर नाही. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. भाताची रोपे टाकायची त्या वाफ्यावर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत आणि झाडांच्या कापलेल्या फांद्या यांचे थर पसरतात, वर माती टाकतात आणि पावसाआधी ते भाजून काढतात. तण मरते, राख मिळते, रोप जोमाने येते. त्या फांद्यांना कवळ म्हणतात. ऐनाचे कवळ विशेष चांगले. ते यायचे शेताजवळच्या वरकस जमिनीतून आणि डोंगरातल्या रानातून. म्हणजे आमच्या भाताच्या पिकाचे मूळ अर्धे खाचरात आणि अर्धे रानात. मलंगगडापासून चंदेरीपर्यंतच्या डोंगरपायथ्याला हेच चालत आले.

१८७८ साली जंगलाचा कायदा झाला. अमुक रान राखीव करायचे ठरले, की जाहीरनामा निघे. ज्याचा काही हक्क असेल त्याने कमीत कमी तीन महिन्यांच्या दिलेल्या मुदतीत अधिकाऱ्यापुढे येऊन सांगावे. नाही सांगितले, तर हक्क बुडाला. आता विचार करा, मलंगगडाच्या कुशीतल्या कातकऱ्याने तो जाहीरनामा कसा वाचावा? तिकडे निदान ज्या देवळात माणूस दर रविवारी जाई, त्याच्या दारावर कागद लागत असे. आणि अधिकाऱ्याने विचारले, 'तुझा हक्क कशावरून?' तर दाखवायला गुंडाळी कुठे होती? नक्कल कुठे होती? 'बाप तोडत होता, आजा तोडत होता,' एवढेच उत्तर. या उत्तराला सरकारी भाषेत हक्क म्हटले नाही. 'सवलत' म्हटले. मुंबई इलाख्यातल्या जंगलाच्या कागदांत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. हक्क मागता येतो, सवलत मागितली तर उपकार होतो.

लोक गप्प बसले नाहीत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून एवढी ओरड झाली, की सरकारला १८८५ साली मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राब, कवळ, चराई, जळण, या साऱ्यांची चौकशी त्यात आहे. ठाण्याच्या शेतकऱ्याचे रडगाणे इंग्रजी पानांवर छापून निघाले, ही काही लहान गोष्ट नाही. महात्मा जोतीराव फुले यांनीही 'शेतकऱ्याचा आसूड' या १८८३ सालच्या ग्रंथात गायराने जंगलखात्यात गेल्याचे दुःख सांगितलेच होते. कमिशननंतर राबासाठी काही मोकळीक मिळाली. पण मिळाली ती सवलत म्हणूनच.

आता विसाव्या शतकात या. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी पडली. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या आणि १९४७ ची फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून आलेले हजारो निर्वासित या बराकींत उतरवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथल्या नगराची कोनशिला बसली आणि नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. जुनी माणसे अजूनही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर अमुक' म्हणतात. ज्यांचे सर्वस्व सरहद्दीपलीकडे राहिले त्यांना निवारा मिळाला, याबद्दल कोणी कुरकुर करू नये. पण छावणीच्या आधी तिथे जी माळराने होती, ज्यांवर आसपासच्या गावांची गुरे चरत, त्या वापराचे काय झाले, याचा जमाखर्च कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

त्याच युद्धकाळात अंबरनाथ-कल्याणच्या मधल्या नेवाळी भागात विमानांच्या धावपट्टीसाठी दीड हजारांहून अधिक एकर जमीन घेण्यात आली. ही गायराने नव्हेत, पुष्कळशी शेतकऱ्यांच्या वहिवाटीची शेते. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळणार होती, असे शेतकरी सांगतात. जमीन संरक्षण खात्याची आहे, असे सरकार सांगते. लोक मधल्या काळात ती कसत राहिले. २०१७ साली नौदलाने तिथे भिंत घालण्यास सुरुवात केली आणि २२ जूनला आंदोलन पेटले. पोलिसांच्या गाड्या जळल्या, छऱ्यांच्या बंदुका चालल्या, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. बर्कहॅम्पस्टेडची गोष्ट ऐकताना आपल्याला मौज वाटली; घराजवळची ऐकताना वाटत नाही. युद्धकाळात कोणत्या अटीवर काय घेतले, हा सारा वाद मुळात कागदाचा. तो कागद गावाच्या दप्तरात असता तर भिंतीपाशी पोचण्यापूर्वीच बोलणे झाले असते, असे मला वाटते.

२००६ हे साल मला फार विलक्षण वाटते. त्या एका वर्षात तीन कायदे झाले. इंग्लंडात सामाईक रानांचा नवा कायदा झाला. तो का करावा लागला? १९६५ च्या आधीच्या कायद्याने हक्क नोंदवायला मुदत दिली होती, आणि त्या मुदतीत जे नोंदले गेले नाहीत ते हक्क बुडाले होते. म्हणजे आमच्या तीन महिन्यांच्या जाहीरनाम्याचा चटका त्यांनाही बसला! दुसरा कायदा आपल्या संसदेने केला, वनहक्कांचा. पिढ्यानपिढ्या रानावर जगणाऱ्या आदिवासींवर आणि इतर वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली त्या कायद्याच्या सुरुवातीलाच आहे. आणि तिसरा कायदा खास उल्हासनगरसाठी, तिथली विनापरवाना बांधकामे कायम करण्यासाठी. दंड भरा आणि कायम व्हा. मॅनरच्या सभेतल्या खोपटवाल्याची आठवण होते की नाही?

वनहक्क कायद्यात आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही, की दावा सुरू होतो ग्रामसभेपासून. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, समिती पाहणी करते, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या गोष्टीही पुराव्यात धरल्या जातात. 'बाप तोडत होता, आजा तोडत होता' याला शेवटी एकदाचे कायद्यात स्थान मिळाले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. विदर्भात गावाच्या रानवापराची नोंद करणारे निस्तारपत्रक पूर्वीपासून होते. महसूल संहितेतले ते प्रकरणही मुळात विदर्भापुरतेच. कोकणाला असे पत्रक नाही. विदर्भातली गावे सामूहिक दाव्यांत पुढे गेली, त्यात या जुन्या कागदांचा वाटा आहे, असे मी मानतो.

गायरानांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातल्या जगपालसिंग यांच्या खटल्यात फार स्पष्ट निकाल दिला. गावाची सामाईक जमीन बळकावणाऱ्याला पैसे भरून ती कायम करून घेता येणार नाही. अशी अतिक्रमणे हटवण्याची योजना सर्व राज्यांनी करावी. मात्र भूमिहीन, अनुसूचित जाती-जमाती यांना दिलेल्या जमिनीचा अपवाद न्यायालयाने मान्य केला. तो अपवाद आवश्यकच होता. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते पडीक आणि गायरान जमीन पोटासाठी मिळावी म्हणूनच. ज्याला गोतसभेत जागा नव्हती, त्याने गायरानाच्या कडेला दोन काकऱ्या नांगरल्या, आणि बिल्डराने तिथे सात मजले चढवले, या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत.

बदलापूर-अंबरनाथच्या बाजूला आज एक निराळीच अडचण आहे, आणि ती मला सर्वांत अधिक बोचते. गाव नगरपरिषदेच्या हद्दीत गेले की ग्रामसभा संपते. गावात गुरे उरत नाहीत, गुराखी उरत नाही, म्हणून गायरान 'रिकामे' दिसू लागते. मग तिथे डेपो, टाकी, कचराभूमी, काहीतरी येतेच. गरजा खऱ्याही असतात. शहराला पाणी हवे, शाळा हवी. पण 'इथे आधी काय होते आणि कोणाचे होते' हे विचारणारी बैठकच जागेवर राहिलेली नसते. सभा आधी गेली आणि रान मागाहून गेले, हा क्रम इंग्लंडातही दिसतो.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक माहिती सांगतो. तुमच्या गावच्या महसुली दप्तरात गाव नमुना १-अ म्हणजे जंगल जमिनीची नोंदवही, १-ब म्हणजे बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची, आणि १-इ म्हणजे अतिक्रमणांची. गायरान सापडेल ते १-ब मध्ये. सातवी-आठवीची मुले ही नावे आणि गट नंबर सहज उतरवून घेऊ शकतात. मग एखाद्या आजोबांना सोबत घेऊन शिवारात फिरावे; गावाच्या तोंडचे नाव आणि दप्तरातला नंबर यांची जोडी लागते. राबाचे कवळ कुठून येई, गुरे कोणत्या वाटेने जात, कोणत्या टेपावर होळीची लाकडे तोडत, हेही त्यात लिहावे. आजी-आजोबांच्या पिढीनंतर हे सांगणारे कोणी नाही.

बदलापूरच्या पलीकडे आणि मलंगगडाच्या पायथ्याला पुष्कळ गावे अजून ग्रामपंचायतीत आहेत. तिथे वर्षातून निदान चार ग्रामसभा भरतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे रूढ दिवस. लॅक्स्टनची सभा वर्षातून एकदाच भरते. नमुना १-ब मधले गायरानाचे गट नंबर त्या चार दिवसांपैकी एखाद्या दिवशी मोठ्याने वाचून इतिवृत्तात उतरवून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.